चाक आणि चषक : मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा आणि त्याची जबाबदारी

गोदावरीच्या काठी वसलेले नाशिक हे तीर्थक्षेत्र म्हणून प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. गेल्या काही दशकांत सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती, निफाड-दिंडोरी परिसरातील द्राक्षबागा, लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या बाजारपेठा आणि मुंबई व पुण्याकडे जाणारे महामार्ग यांमुळे या शहराचा चेहरामोहरा पालटला. द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, आडगाव नाका या चौकांतून रात्रंदिवस वाहनांचा ओघ वाहत असतो. मुंबईकडे निघालेले वाहन इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरते. धुळ्याकडे निघालेले वाहन चांदवडजवळचा राहुड घाट पार करते. पुण्याकडे जाणाऱ्यास सिन्नरच्या अलीकडे मोहदरीचा घाट लागतो. शहराबाहेर पडणाऱ्या बहुतेक वाटा अशा चढउतारांच्या व वळणांच्या असल्याने येथे वाहनचालकाचे क्षणभराचे दुर्लक्षही महागात पडते.

नाशिकला आणखी एक ओळख लाभली आहे, ती वाइनची. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. निफाड तालुक्यातील विंचूर येथे वाइन उद्यान उभे राहिले, गंगापूर व दिंडोरी परिसरात वाइननिर्मितीचे प्रकल्प सुरू झाले आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्ष उत्पादकाला त्यामुळे नवी बाजारपेठ मिळाली, पर्यटनही वाढले. मात्र जेथे पर्यटक स्वतःच्या मोटारीने येतो, वाइनची चव घेतो आणि त्याच संध्याकाळी त्याच मोटारीने घाट उतरू लागतो, तेथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न केवळ पर्यटकांपुरता नाही. ढाब्यावरील पार्टी, लग्नाची वरात, कारखान्यातील पाळी संपल्यावरची बैठक आणि ३१ डिसेंबरची रात्र या प्रत्येक प्रसंगी तो उपस्थित होतो. मद्यपान केलेल्या माणसाने वाहन चालवावे का, आणि चालविले तर त्याचे परिणाम कोणी भोगावयाचे, हाच तो प्रश्न होय.

थोड्याशा मद्याचा हिशेब

“दोनच पेग घेतले आहेत”, “बिअर म्हणजे काही दारू नव्हे”, “मला चढत नाही” ही वाक्ये सर्वांच्या परिचयाची आहेत. ती बोलणारा माणूस सहसा खोटे बोलत नसतो. त्याला तसे खरोखर वाटत असते. मात्र मद्यार्क शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, याचा साधा हिशेब मांडला म्हणजे या समजुतीतील धोका ध्यानात येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार श्वासपरीक्षण यंत्राच्या चाचणीत दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते असे धरले, तर त्या सर्व रक्तात मिळून जेमतेम दीड ग्रॅम मद्यार्क असला तरी ही मर्यादा गाठली जाते.

आता मद्याच्या मात्रा पाहू. व्हिस्की किंवा रम यांत साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. आठ टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या पेगइतका असतो. १३ टक्के मद्यार्काच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक प्याला घेतला, तर सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. बिअर सौम्य असते व वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच, या दोन्ही समजुती या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

पोटात गेलेला मद्यार्क शरीरातील पाण्यात मिसळतो. सुमारे ६५ किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाने एक मोठा पेग घेतल्यास त्याच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण दर १०० मिलिलिटरला सुमारे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते. ‘स्ट्राँग’ बिअरच्या एका बाटलीने ते ९० च्या घरात जाते. वाइनच्या एकाच प्याल्याने ते ३० च्या पलीकडे जाण्याचा संभव असतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मात्रेने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक वाढते. ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत वाइनच्या एका प्याल्यानंतर ते ५० पर्यंत जाऊ शकते. पोटात अन्न असल्यास शोषण सावकाश होते आणि चढाव काहीसा कमी राहतो. व्यक्तीनुसार या आकड्यांत फरक पडतो, परंतु ‘एकच घेतला’ म्हणणारा चालक कायद्याच्या मर्यादेत असेलच अशी खात्री कोणालाच देता येत नाही.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. मद्यार्काचा निचरा प्रामुख्याने यकृत करते आणि त्याची गती सर्वसाधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. ज्याच्या रक्तातील प्रमाण रात्री १० वाजता ९० आहे, ते ३० वर येण्यास चार तास, तर शून्यावर येण्यास सहा तास लागतात. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, ताक किंवा ओकारी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. माणूस जागा राहतो, एवढेच. जो मध्यरात्री १८० पर्यंत पोहोचला आहे, तो सकाळी ६ वाजता झोपेतून उठला तरी त्याच्या रक्तात ९० च्या आसपास मद्यार्क उरलेला असतो. रात्रीच्या पार्टीनंतर पहाटे मालमोटार घेऊन निघणारा चालक किंवा पहिल्या पाळीला दुचाकीवरून निघणारा कामगार स्वतःला शुद्धीवर समजत असला, तरी कायद्याच्या आणि शरीराच्या दृष्टीने तो मद्यधुंदच असू शकतो.

विवेक आधी जातो, तोल नंतर

मद्यपी म्हटले की झोकांड्या खाणारा, जीभ जड झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. वाहन चालविण्याच्या दृष्टीने मात्र धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. २० ते ३० मिलिग्रॅमच्या टप्प्यावरच एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची शक्ती मंदावू लागते. ५० च्या सुमारास हलत्या वस्तूचा वेध घेणे, अंतराचा अंदाज बांधणे व समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतातून सावरणे अवघड जाते. ८० च्या पुढे वेग आवरणे व गाडी आपल्या मार्गिकेत ठेवणे कठीण होते. प्रतिक्रियेचा वेळही लांबतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. ब्रेकवर पाय नेण्यास चालकाला केवळ अर्धा सेकंद अधिक लागला, तरी गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणारा शाळकरी मुलगा वाचणे किंवा न वाचणे, हा फरक एवढ्याच अंतराचा असतो.

याहून घातक गोष्ट अशी की, मद्यार्क सर्वप्रथम विवेकाचे नियंत्रण सैल करतो. तोल जाण्यापूर्वी आत्मविश्वास वाढतो, भीती कमी होते आणि “मी व्यवस्थित चालवू शकतो” असे वाटू लागते. ज्या मनाने आपण गाडी चालविण्यास योग्य आहोत की नाही हे ठरवावयाचे, तेच मन मद्याने आधी व्यापलेले असते. म्हणूनच ‘पिऊन झाल्यावर ठरवू’ हा बेत मुळातच निरर्थक आहे. निर्णय पहिल्या घोटापूर्वीच झाला पाहिजे.

जगातील अनेक देशांनी मर्यादा आकड्यांत बांधली, ती याच कारणासाठी. नॉर्वेने १९३६ मध्येच रक्तातील मद्यार्काची मर्यादा कायद्याने ठरविली. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये श्वासावरून मद्यार्काचे प्रमाण सांगणारे यंत्र तयार केले. ब्रिटनमध्ये १९६७ पासून रस्त्यावर श्वासचाचणी सुरू झाली. या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. फुफ्फुसात रक्त आणि हवा यांची सतत देवाणघेवाण चालू असते. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जितका मद्यार्क असतो, तितकाच १ मिलिलिटर रक्तात असतो असे धरून यंत्र आकडा दाखविते. वेलची, बडीशेप किंवा पान खाल्ल्याने तोंडाचा वास झाकला जाईल, फुफ्फुसातील मद्यार्क झाकला जात नाही.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात मद्यसेवनाचे नियमन १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार होते. मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. बिअर व वाइनसाठी वयाची २१ वर्षे आणि अन्य विदेशी मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. परवाना असला तरी तो मद्यपानाचा असतो, मद्यपान करून वाहन चालविण्याचा नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कलम १८५ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढविण्यात आली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर दुसऱ्या व पुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी प्रत्यक्ष चालविणे हाच गुन्हा नसून चालविण्याचा प्रयत्न करणे हाही गुन्हा आहे. हा दंड जागेवर भरून सुटका होत नाही. आरोपीस न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागते.

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला कलम २०३ नुसार श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार आहे. चाचणीत मद्यार्क आढळल्यास, किंवा चालकाने चाचणीस नकार दिला आणि त्याने मद्य घेतले आहे असे मानण्यास कारण असल्यास, वॉरंटाविना अटक होऊ शकते. नकार दिल्याने आरोपी सुटत नाही. तो नकार त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येतो. दुसऱ्या बाजूस नागरिकाच्या हक्काचेही रक्षण आहे. कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा तिला अटकेतून सोडावे लागते. नाशिकमध्ये प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असल्याने रक्तनमुन्यांच्या तपासणीची सोयही शहरातच आहे.

परवान्याचा प्रश्न दंडाहून गंभीर आहे. पोलीस जप्त केलेला परवाना परिवहन अधिकाऱ्यांकडे पाठवितात आणि पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता, तर पुन्हा गुन्हा घडल्यास परवाना रद्द होण्याची कारवाई होऊ शकते. न्यायालयाने दोषी ठरविल्यास किमान सहा महिन्यांची अपात्रता द्यावी, असे कलम २० सांगते. ज्याची उपजीविकाच वाहनाच्या चाकावर चालते, त्या रिक्षाचालक, टेम्पोचालक किंवा मालमोटारचालकासाठी सहा महिन्यांचा काळ म्हणजे घरातील चूल विझण्याचा काळ होय. दंडाचे १०,००० रुपये उसने आणता येतात; बुडालेले सहा महिन्यांचे उत्पन्न कोणाकडून उसने आणावयाचे?

कायद्याचा हात केवळ चालकापर्यंतच थांबत नाही. कलम १८८ नुसार या गुन्ह्यास चिथावणी किंवा साहाय्य देणारासही तीच शिक्षा आहे. मद्यपान केलेल्या चालकाच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणारा मालक किंवा “चल रे, काही होत नाही” म्हणून आग्रह करणारा मित्र यांनी याचा विचार करावा. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ अन्वये पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

विम्याच्या बाबतीतही अनेकांचा गैरसमज असतो. मद्याच्या अमलाखाली वाहन चालविल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीला असतो. दिल्लीत २००७ मध्ये झालेल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या निकालात ही भूमिका मान्य केली. श्वास किंवा रक्ताची चाचणी झाली नसली, तरी अन्य परिस्थितीवरून मद्याचा अंमल सिद्ध करता येतो, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्रयस्थाच्या भरपाईच्या दाव्यातही मद्यपान हा विमा कंपनीस उपलब्ध बचाव झाला आहे. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरविलेल्या भरपाईचा भार मालकाच्या घरावर व जमिनीवर येऊ शकतो.

कार्टर रोडची पहाट

मद्यपान करून वाहन चालविणे ही ‘चूक’ आहे की ‘गुन्हा’, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका खटल्याने दिले आहे.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईतील वांद्रे येथील कार्टर रोडवर एक भरधाव मोटार पदपथावर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरील मजूर झोपलेले होते. दिवसभर रस्ता तयार करून रात्री त्याच रस्त्याच्या कडेला पाठ टेकणाऱ्या या माणसांपैकी सात जण मृत्युमुखी पडले आणि आठ जण जखमी झाले. चालकाच्या रक्ततपासणीत ०.११२ टक्के, म्हणजे दर १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. हे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या पावणेचार पट होते.

सत्र न्यायालयाने २००७ च्या एप्रिलमध्ये हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. सात माणसांच्या मृत्यूस सहा महिने, या हिशेबाने समाजमन अस्वस्थ झाले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००७ मध्ये चालकास सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली दोषी ठरवून तीन वर्षे सक्तमजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी हा निर्णय कायम केला. शिक्षा अपुरी आहे, परंतु ती वाढविण्यासाठी राज्याने अपील केलेले नसल्याने त्या प्रश्नात जाता येत नाही, असेही न्यायालयाने नोंदविले.

या निकालाचे महत्त्व एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे ‘जाणीव’. कोणाला मारण्याचा हेतू चालकाचा नव्हता. परंतु मद्याच्या अमलाखाली भरधाव मोटार चालविली तर माणसे मरू शकतात, ही जाणीव प्रत्येक सज्ञान माणसास असते. ती असूनही जो चाकामागे बसतो, त्याला ‘अपघात झाला’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. अपघात म्हणजे ज्याची कल्पना करता आली नाही तो प्रसंग. मद्यपी चालकाच्या गाडीखाली येणारा मृत्यू हा कल्पना करता आलेला, तरीही पत्करलेला प्रसंग असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ नुसार हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती. जाणीवपूर्वक केलेल्या कृत्यातून मृत्यू घडल्यास कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाची याहून कडक शिक्षा आहे.

अलीकडची पुण्याची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर येथे एका अल्पवयीन मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. प्रारंभी जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेल्याने लोकक्षोभ उसळला आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून काही जणांना अटक झाली. दोष कोणाचा व किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. समाजाने घ्यावयाचा बोध मात्र वेगळा आहे. मुलाच्या कृत्याचे परिणाम टाळण्यासाठी वडीलधारी माणसे धडपडू लागली, की एका गुन्ह्यातून अनेक गुन्हे जन्मास येतात आणि त्यांत घरची, बाहेरची किती माणसे गुंतत जातील, याचा नेम उरत नाही.

परिणामांना सामोरे जाणे

मद्यपान करून वाहन चालवूच नये, हा पहिला धडा होय. परंतु ज्याच्या हातून ही गोष्ट घडून गेली आहे, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तरही देणे आवश्यक आहे. कारण अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत चालक जे करतो, त्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

अपघात होताच चालकाच्या मनात पहिला विचार पळून जाण्याचा येतो. जमावाची भीती खरी असते. तरीही जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करणे आणि पोलिसांना माहिती देणे, हे कलम १३४ नुसार त्याचे कर्तव्य आहे. जमाव प्रक्षुब्ध असेल आणि थांबणे जिवावर बेतणारे असेल, तर जवळचे पोलीस ठाणे गाठावे. घर किंवा गाव गाठू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ क्रमांकावर पोलीस मदत मिळते. २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीवर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार होऊ शकतात. त्यामुळे पैशाअभावी उपचार थांबण्याचे कारण नाही. मदतीस धावणाऱ्या नागरिकास कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. साक्षीसाठी किंवा खर्चासाठी त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

चालक बदलून दुसऱ्यास पुढे करणे, चाचणी टाळण्यासाठी काही तास दडून बसणे किंवा जखमीच्या नातेवाइकांवर दडपण आणणे यांपैकी कोणतीही युक्ती मूळ गुन्हा पुसत नाही. ती त्यात नवी कलमे वाढविते. याउलट जखमीला रुग्णालयात पोहोचविणे, चाचणीस सहकार्य करणे आणि न्यायालयात खरे बोलणे यांनी शिक्षा टळेलच असे नाही, परंतु माणसाचे माणूसपण शिल्लक राहते आणि कदाचित एखादा जीवही वाचतो. ज्या घरातील कर्ता माणूस गेला, त्या घरापुढे भरपाईचा दावा न लढविता वेळेवर उभे राहणे, हाही प्रायश्चित्ताचाच एक मार्ग आहे.

वारंवार असा गुन्हा करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याला दंडाबरोबरच उपचारांचीही गरज असते. मद्यासक्ती हा आजार आहे आणि तो बरा होऊ शकतो. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून या क्षेत्रात केलेले कार्य महाराष्ट्रास परिचित आहे. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही विनामूल्य सल्ला मिळतो. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या परवान्याची जप्ती ही अनेक कुटुंबांना नामुष्की वाटते. ती उपचारांची पहिली संधीही ठरू शकते.

नाशिककरांसाठी काही व्यवहार्य उपाय

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रातील संख्या १५,००० हून अधिक होती. यांतील बहुतेक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात होते आणि मद्यपानाच्या सदरात अगदी थोडी. परंतु वेग आणि मद्य ही दोन वेगळी कारणे नव्हेत. संयम मद्याने सुटला, की वेग आपोआप वाढतो.

कायद्याने वातावरण बदलण्याचा प्रयत्नही झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री करण्यास मनाई केली. पुढे लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि शहरी हद्दीच्या बाबतीत सवलतीही देण्यात आल्या. मात्र दुकान दूर गेले तरी बाटली मोटारीतूनच प्रवास करते. म्हणून खरा उपाय माणसाच्या सवयीतच शोधावा लागतो.

वाइन पर्यटनासाठी येणाऱ्यांनी एकतर मुक्काम करावा, नाहीतर मद्य न घेणारा चालक बरोबर आणावा. मुंबईहून येणाऱ्यास रेल्वेचा मार्ग मोकळा आहे. नाशिक रोड स्थानकापासून भाड्याचे वाहन मिळते. गटाने निघताना ‘आज गाडी कोण चालविणार’ हे घरातून निघण्यापूर्वी ठरवावे आणि त्याने त्या दिवशी एक थेंबही घेऊ नये. उद्याची पाळी सकाळची असेल, तर आजची रात्र कोरडी ठेवावी.

यजमानाचीही जबाबदारी आहे. हळदीच्या, वाढदिवसाच्या किंवा बढतीच्या निमित्ताने आग्रह करकरून पाजणारा यजमान, पाहुणा निघताना दारापर्यंत येऊन निरोप देतो. त्याने त्याच वेळी किल्ली मागून घ्यावी, अंथरूण घालून द्यावे किंवा रिक्षा बोलावून द्यावी. मित्राचा क्षणिक राग पत्करणे हे त्याच्या घरी वाईट बातमी कळविण्याहून सोपे असते.

वाहतूक व्यवसायातील मालकांनी चालकाच्या हाती मालमोटार देण्यापूर्वी श्वासचाचणीची सोय ठेवावी. श्वासपरीक्षण यंत्राची किंमत एका अपघाताच्या खर्चापुढे नगण्य आहे. त्याबरोबरच चालकास पुरेशी झोप मिळेल अशा फेऱ्या आखाव्यात. कारण द्राक्ष व कांद्याच्या हंगामात वेळेत माल पोहोचविण्याच्या दडपणाखाली थकलेला चालक अनेकदा शीण घालविण्यासाठीच मद्याकडे वळतो. सातपूर व अंबडच्या कारखान्यांनी सुरक्षा सप्ताहात यंत्रांच्या सुरक्षेबरोबर कामगाराच्या घरी परतण्याच्या वाटेचाही विचार करावा. नाशिकमध्ये मुलांसाठी वाहतूक शिक्षण उद्यान आहे. तेथे सिग्नल ओळखण्यास शिकलेले मूल घरी जाऊन वडिलांना “बाबा, आज गाडी आई चालवेल” असे म्हणू लागले, तर त्या शिक्षणाचे सार्थक होईल.

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे लक्षावधी भाविक येतील. ते रस्त्याच्या कडेने पायी चालतील, पदपथावर विसावतील, पहाटेच्या अंधारात घाटाकडे निघतील. कार्टर रोडवरचे मजूर जितक्या विश्वासाने पदपथावर झोपले होते, तितक्याच विश्वासाने हे भाविक या शहराच्या स्वाधीन होणार आहेत. पोलिसांच्या नाकेबंदीने काही चालक अडविले जातील. उरलेल्यांना अडविणे हे त्यांच्या घरच्यांचे, मित्रांचे, यजमानांचे आणि मालकांचे काम आहे. आणि सर्वांत आधी ते ज्याच्या हातात किल्ली आहे, त्या माणसाचे आहे.